ईहेची पायरी

घरातील डेस्कटॉप संगणक एखाद्या सकाळी सुरू होत नाही, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ‘काय झाले?’ असा नसतो; ‘कोणी केले?’ असा असतो. यंत्राकडे पाहण्याआधी नजर माणसांकडे वळते. आदल्या रात्री शेवटी कोण बसले होते, कोणी खेळ लावला होता, कोणी न विचारता काय दाबले, याची चौकशी होते आणि पाच मिनिटांत निकालही लागतो. संगणक मात्र मुकाच राहतो. त्याची तपासणी अजून कोणी केलेलीच नसते.

मनाची ही घाई आचार्यांनी फार पूर्वी ओळखली होती. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत त्यांचे साधे उदाहरण दिले आहे. दूरवर काहीतरी पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळी असेल की पताका, हे विशेषत्वाने जाणून घेण्याची ओढ, ही ईहा. ते पांढरे वर उठते, खाली येते, पंख हलवते. म्हणून ती बगळीच, हा अवाय. आणि पुढे कधी दिसल्यावर ‘सकाळी पाहिलेली तीच ही’ अशी ओळख पटणे, ही धारणा. पाठशाळेत ही चार नावे मुलांकडून पाठ करून घेतली जातात. मोठेपणी व्यवहारात मात्र दुसरी पायरी गाळून पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारली जाते. काही दिसले की लगेच निर्णय.

बंद पडलेला संगणक हा या चार पायऱ्यांचा उत्तम अभ्यास ठरू शकतो, कारण तिथे ईहा टाळली तर यंत्र सुरू होत नाही. युक्तिवाद, आवाज वा वडीलकी यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

अवग्रहसुद्धा वाटतो तितका सोपा नाही. ‘संगणक सुरू होत नाही’ या एकाच वाक्यात निदान तीन वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिली, बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. ना दिवा, ना पंख्याचा आवाज. दुसरी, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. तिसरी, क्षणभर सारे सुरू होते आणि लगेच बंद पडते. पहिल्या अवस्थेत संशय विजेच्या वाटेवर जातो. दुसरीत मॉनिटर, त्याची केबल किंवा रॅम यांच्याकडे. तिसरीत कुठेतरी झालेले शॉर्टसर्किट, अति उष्णता किंवा अपुरा वीजपुरवठा यांच्याकडे. म्हणून जे दिसले ते नेमके सांगणे, त्यात स्वतःचे अनुमान न मिसळणे, हे पहिले काम.

सांगली जिल्ह्यातील एका गावात भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबाची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. दुकानाचा सारा हिशेब घरच्या संगणकावर. चातुर्मासाचे दिवस, बाहेर पावसाची झड, आणि तारीख १८. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे. सकाळी मुलाने बटण दाबले. काहीच झाले नाही. त्याने दोन-तीन वेळा दाबून पाहिले आणि मग दहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला हाक मारली.

“काल रात्री तूच बसला होतास ना? काय उद्योग करून ठेवलास?”

“पप्पा, मी फक्त शाळेचा प्रकल्प लिहिला. नीट बंद करून झोपलो.”

“नीट बंद केला असतास तर आता चालू झाला असता!”

मुलगा आणखी काही सांगू पाहत होता. पण पुढचे वाक्य कोणी ऐकले नाही. तो दप्तर उचलून शाळेत निघून गेला. देवदर्शन करून परतलेले आजोबा, ज्यांना घरात सारे आप्पा म्हणतात, उंबऱ्यातच थांबले होते. ते मुलाला एवढेच म्हणाले, “त्याने नीट बंद केला की नाही, ते नंतर पाहू. तो सुरू का होत नाही, हे आधी त्या डब्यालाच विचारावे लागेल.”

मुलाचा राग निव्वळ राग नव्हता. त्याखाली भीती होती. हिशेब गेला की काय, ही ती भीती. खरे तर संगणकाला वीज मिळत नाही याचा अर्थ त्यातील नोंदी पुसल्या गेल्या असा होत नाही. हार्ड डिस्कवरील माहिती वीज नसतानाही टिकून राहते. दिवा विझला म्हणून कपाटातील वह्या नाहीशा होत नाहीत, तसेच हे. एवढे माहीत असते तर त्या सकाळी आवाज चढला नसता.

दुपारी दुकान मिटवून आल्यावर बापलेक शांतपणे बसले. आप्पांचा नियम एकच होता: बाहेरून आत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशामुळे झाले हे कळत नाही. आणि जे कळले नाही ते पुन्हा बिघडल्यावर उपयोगी पडत नाही.

प्रथम भिंतीवरचा सॉकेट. त्यात टेबलावरचा दिवा लावून पाहिला, लागला. मग एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून संगणकाची केबल थेट भिंतीत लावली. यूपीएस असलेल्या घरात तोही असाच वगळून पाहावा लागतो. त्याची बॅटरी निकामी झाली असेल तर दोष यूपीएसचा असतो आणि नाव संगणकाचे होते. त्यानंतर केबल. पुष्कळ मॉनिटरना संगणकासारखीच वीजकेबल असते, म्हणून दोन्ही केबलींची अदलाबदल करून पाहिली. मॉनिटर दोन्हींवर चालला, संगणक कोणत्याच केबलवर नाही. म्हणजे केबल निर्दोष. मग बोलीभाषेत ज्याला सीपीयू म्हणतात त्या कॅबिनेटच्या मागचे लहान स्विच. त्यावर उभी रेघ आणि वर्तुळ अशा खुणा असतात. साफसफाई करताना ते चुकून वर्तुळाकडे दाबले जाते आणि घरभर शोध चालतो. इथे ते रेघेकडेच होते.

पुढची पायरी अनेकांना विचित्र वाटते, पण ती उपयोगी आहे. केबल पूर्ण काढून पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे. आत साठून राहिलेली थोडी वीज त्यामुळे निघून जाते आणि कधीकधी अडून बसलेले मदरबोर्ड पुन्हा जागे होते. प्रिंटर, पेनड्राइव्ह, माउस, कीबोर्ड यांच्या सर्व तारा काढूनही पाहायचे, कारण बाहेरच्या एखाद्या सदोष उपकरणामुळेही संगणक सुरू होण्याचे नाकारतो. हे सारे झाले. बटण दाबले. शांतता तशीच.

आता डबा उघडणे आले. इथे आप्पांनी मुलाचा हात धरला. केबल भिंतीतून काढलेली आहे याची खात्री केली आणि फुंकर मारण्यापूर्वी आत टॉर्चने पाहायला सांगितले. चातुर्मासात जीवोत्पत्ती वाढते. ऊब आणि आडोसा शोधत मुंग्या, कोळी, पालीची पिल्ले अशा डब्यांत शिरतात. विजेच्या पेटीत अडकून ती मरतात आणि कधीकधी यंत्रही त्यामुळेच बंद पडते. वरच्या कोपऱ्यात एक कोळी होता. त्याला कागदावर घेऊन खिडकीबाहेरच्या कुंडीत सोडले. मग मऊ कुंचल्याने धूळ झाडली. प्रमार्जन हा शब्द मुनींच्या पिंछीशी जोडलेला असला, तरी त्यातील यतना श्रावकाच्या हातातल्या कुंचल्यालाही शोभते. धूळ खरोखरच फार होती. ती हवेची वाट अडवते, पंख्याचा वेग कमी करते आणि आतले भाग तापत राहतात.

सायंकाळी मुलगा शाळेतून आला. सूर्यास्तापूर्वीचे जेवण झाले. उघडा डबा पाहून तो दारातच घुटमळला. आप्पांनी त्याला जवळ बोलावले आणि सकाळी कोणी न विचारलेला प्रश्न विचारला: “बाळ, काल रात्री तू काय पाहिलेस?”

मुलाने सांगितले ते असे. तो त्याच खोलीत झोपतो. रात्री दिवा मालवला की कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीतून आतला एक हिरवा ठिपका दिसतो. संगणक बंद असला तरी तो दिसतोच. काल प्रकल्प संपवून संगणक बंद केला, तेव्हाही तो ठिपका होता. मध्यरात्रीनंतर पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली. शेवटी आली तेव्हा छताचा पंखा फिरू लागला, म्हणून त्याला जाग आली. पण हिरवा ठिपका मात्र दिसला नाही.

“मी सकाळी हेच सांगत होतो,” तो म्हणाला. खोलीत कोणी काही बोलले नाही.

त्या ठिपक्याचा अर्थ समजण्यासाठी संगणकाची रचना थोडी जाणून घ्यायला हवी. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाच्या नाजूक भागांना थेट चालत नाही. कॅबिनेटमधील एसएमपीएस नावाची पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य प्रवाहांत रूपांतर करते. १९९५ साली इंटेल कंपनीने मांडलेल्या एटीएक्स रचनेपासून पुढचे बटण वीज प्रत्यक्ष तोडत वा जोडत नाही. ते मदरबोर्डला केवळ संकेत देते, आणि मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करते. हा संकेत ओळखता यावा म्हणून संगणक ‘बंद’ असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह सतत पुरवत असते. अनेक मदरबोर्डांवरील लहान दिवा याच प्रवाहावर जळतो. म्हणजे बंद दिसणारा संगणक खरे तर झोपलेला असतो, आणि तो दिवा म्हणजे त्याचा चालू असलेला श्वास. भिंतीत वीज आहे, केबल निर्दोष आहे, मागचे स्विच सुरू आहे आणि तरीही तो दिवा नाही, तर संशय प्रथम एसएमपीएसवर जातो.

तो दिवा लागत असता, तर शोधाची दिशा वेगळी झाली असती. मग पुढचे बटणच तुटले आहे का, त्याच्या दोन बारीक तारा मदरबोर्डवरून निसटल्या आहेत का, २४ पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची जोडणी घट्ट बसली आहे का, हे पाहावे लागले असते. पंखा फिरून पडदा काळा राहिला असता, तर रॅमची पट्टी काढून, तिची सोनेरी कड कोरड्या मऊ कापडाने पुसून, पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवून पाहिली असती. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून. हे करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते आणि नाजूक भागांना इजा होत नाही. एका लहान दिव्याने किती वाटा मिटल्या आणि किती उघडल्या, हे पाहिले म्हणजे निरीक्षणाची किंमत कळते.

पण हा अजून अवाय नव्हता, बळकट अनुमान होते. ईहा आणि संशय यांतील फरक इथेच आहे. संशय दोन बाजूंमध्ये झुलत राहतो. ईहा प्रमाणाचा आधार घेत निर्णयाकडे चालू लागते, आणि प्रमाण पुरे झाल्यावाचून थांबत नाही. एसएमपीएसची पेटी घरी उघडण्याचा मोह आप्पांनी होऊ दिला नाही. तिच्यातील कपॅसिटरांवर ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठलेली असते आणि केबल काढल्यानंतरही ती काही काळ राहू शकते. कुठे थांबायचे हे कळणे हाही विवेकाचाच भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील दुरुस्ती करणारा तरुण चालू असलेली एक एसएमपीएस घेऊन आला. ती जोडली; मदरबोर्डवर हिरवा ठिपका उमटला, बटण दाबताच पंखा फिरला, पडदा उजळला. तरुण निघायच्या तयारीत होता. आप्पांनी त्याला थांबवून जुनी पेटी पुन्हा जोडायला सांगितली. ठिपका नाही. पुन्हा नवी, ठिपका हजर. न्यायशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात: कारण असता कार्य असणे, आणि कारण नसता कार्य नसणे. दोन्ही बाजूंनी पडताळल्यावर ‘एसएमपीएसच निकामी’ हा अवाय झाला. वर्षानुवर्षांची धूळ आणि उष्णता यांनी पेटी आधीच थकलेली असावी. वीज वारंवार जाण्या-येण्याचा धक्का हे शेवटचे निमित्त. हिशेब जसाच्या तसा होता. विवरणपत्र त्याच दिवशी भरले गेले.

हा शोध नातवाला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्याच्या हातून तार सुटली असती, तर तपासणीत तेही दिसले असते आणि आप्पांनी ते तसेच सांगितले असते. ईहेला पक्ष नसतो. पण तिची वाट न पाहता निकाल दिला, की आणखी एक हानी होते: ज्याला आरोपी केले, तोच कदाचित एकमेव साक्षीदार असतो. हिरवा ठिपका त्या घरात फक्त एकाने पाहिला होता, आणि सकाळी त्याचेच तोंड बंद करण्यात आले होते.

संध्याकाळी वडिलांनी मुलाला जवळ बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, “काल मी न पाहता बोललो. मला क्षमा कर.” क्षमावाणीला अजून अवकाश होता, पण क्षमेला तिथी लागत नाही. मुलगा संकोचला. “असू द्या पप्पा,” म्हणाला आणि थोड्या वेळाने आपणहून विचारू लागला, की तो ठिपका नेमका कशावर जळतो.

राहिली धारणा. आप्पांनी हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवले: काय दिसले, काय काय तपासले, काय बदलले. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायचा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर यतनेने धूळ काढायची. दर शनिवारी हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती दुकानात ठेवायची. पुढे असा प्रसंग आला, तर ‘तीच ही बगळी’ असे ओळखता यावे म्हणून.

जुन्या पेटीचाही विचार झाला. एक भाग निकामी झाला म्हणून संपूर्ण संगणक बदलावा, असेही आदल्या दिवशी कोणी सुचवले होते. तसे झाले असते, तर चालता मदरबोर्ड, रॅम, डिस्क सारेच कचऱ्यात गेले असते. अपरिग्रह म्हणजे केवळ नवे न घेणे नव्हे. आहे त्याचे आयुष्य पुरते जगू देणे हाही त्याचाच अर्थ. निकामी पेटी भंगारवाल्याकडे गेली की तारांतील तांब्यासाठी वरचे प्लास्टिक उघड्यावर जाळले जाते. त्या धुरात आणि राखेत माणसांसह असंख्य जीवांची हिंसा आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. ती पेटी दुरुस्ती करणाऱ्या तरुणाकडे याच अटीवर सोपवली गेली.

धारणेची एक बाजू मात्र वहीत लिहिता येत नाही. ती योग्य निर्णय जसा जपते, तसाच चुकीचा निर्णयही जपते. मुलावर लावलेला खोटा दोष वडील आठवड्यात विसरतात, मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. शास्त्रात क्रोधाला चार रेघांची उपमा दिली आहे: दगडावरची, जमिनीवरची, वाळूवरची आणि पाण्यावरची. त्या घरातील रेघ दोन दिवसांत पुसली गेली, कारण कोणीतरी वेळेवर विचारले, ‘तू काय पाहिलेस?’ हा प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो उद्यावर टाकला, तर पाण्यावरची रेघ हळूहळू दगडाकडे सरकू लागते.